पुरावा कुणाविरुद्ध?

'पुरावा' हा शब्द आमच्या मोहल्ल्यांत चांगलाच ओळखीचा आहे. तो पंचनाम्यात असतो, रिमांडच्या अर्जात असतो, दोषारोपपत्रात असतो आणि नेहमी कुणातरी माणसाच्या विरुद्ध असतो. पोलिसांनी तो गोळा करायचा, सरकारी वकिलाने मांडायचा, न्यायाधीशाने तोलायचा, अशी रीत आहे. पण या शब्दाचा आणखी एक उपयोग आहे आणि त्याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. पोलीस गस्त घालतात, नाकाबंदी करतात, संशयितांना उचलतात, सणाच्या आधी शांतता समितीची बैठक बोलावून चहा पाजतात. या सगळ्याने जे साधायचे म्हणून सांगितले जाते ते खरोखर साधते काय? साधते, याला पुरावा काय? एका माणसाला गुन्हेगार ठरवायचे तर कायदा म्हणतो, वाजवी शंकेला जागा उरता कामा नये. मग ज्या पद्धतीने हजारो माणसे रस्त्यात अडवली जातात, त्या पद्धतीला पुराव्याची काहीच अट नसावी, हे कसे?

१९९८ साली लॉरेन्स शर्मन या अमेरिकी गुन्हेशास्त्रज्ञाने हाच मुद्दा वैद्यकाचा दाखला देऊन मांडला. औषध आधी तपासले जाते, मग रोग्याला दिले जाते. पोलिसी उपायांचेही तसेच व्हावे, असे त्याचे म्हणणे. वरवर हा कारभाराचा प्रश्न वाटतो. आमच्या मते तो नीतीचा आहे. ज्याच्या हातात काठी आणि बंदूक दिली आहे, त्याने 'आमचा अनुभव सांगतो' एवढ्यावर भागवू नये. अनुभव सर्वांनाच असतो. काठी खाणाऱ्यालाही असतो. दोघांचा अनुभव जुळत नसेल तर निवाडा कशाने करायचा?

आपल्या अगदी जवळचे उदाहरण घेऊ. भिवंडी. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून हे गाव पेटले. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. दंगलीनंतर तपासासाठी नेमलेल्या खास पथकानेच पक्षपात केला, मुसलमानांना अडकवण्याची खटपट केली, असा ठपका आयोगाने ठेवला. त्याचे पुढे काय झाले? मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली आणि ती आग ठाणे, मुंबईपर्यंत गेली. मग डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३. मुंबईत ९०० माणसे मेली. ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, उरलेल्यांपैकी बहुतेकांची ओळखही पटली नाही. आणि तासाभराच्या वाटेवरची भिवंडी, जिचे नाव 'संवेदनशील' या सरकारी शब्दाशी कायमचे जोडलेले, ती शांत राहिली.

हे का घडले असावे? १९८८ साली सुरेश खोपडे भिवंडीत पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, सुमारे सत्तर. शांतता समिती आणि मोहल्ला समिती यांत फरक होता. शांतता समितीवर पुढारी, व्यापारी, मौलवी, महंत, म्हणजे गावातली वजनदार मंडळी बसतात. दंगल झाल्यावर किंवा होणार असे वाटल्यावर बसतात. मोहल्ला समितीत गल्लीतली साधी माणसे, हिंदू आणि मुसलमान दोन्ही, आणि त्यांच्यासोबत त्या भागाचा पोलीस. बैठका नियमित. विषय काय? नळाचे पाणी, शेजाऱ्याशी भांडण, मुलांच्या मारामाऱ्या, गटार. दंगलीचा विषय निघायचाही नाही. पण महिन्यामागून महिने एकत्र बसलेल्या माणसांना एकमेकांची नावे, घरे, स्वभाव ठाऊक झाले होते, आणि हवालदारालाही मोहल्ला म्हणजे नुसते खबऱ्यांचे जाळे राहिले नव्हते. अफवा आली की ती खरी की खोटी हे विचारायला माणूस होता. येथे आमच्या बोलीतल्या एका शब्दाची आठवण होते. शाहिद म्हणजे साक्षीदार. मोहल्ल्यात दोन्हीकडचा एकेक शाहिद असला तर अफवेचे पाय बरेच मोडतात.

यावर एक शंका नेहमी घेतली जाते. भिवंडी हे यंत्रमागाचे गाव. मागाचा मालक, कामगार, सुताचा व्यापारी, सायझिंगवाला यांचे पोट एकमेकांवर अवलंबून; म्हणून शांतता राहिली असेल. शंका रास्त आहे. पण माग १९७० मध्येही होते, १९८४ मध्येही होते. जी गोष्ट तिन्ही वेळी तीच होती, तिने तिसऱ्या वेळचा फरक कसा समजावा? दुसरी शंका अशी की १९८४ च्या घावाने लोक शहाणे झाले असतील. ही जास्त अवघड आहे. कारण भिवंडी एकच होती. समित्या असलेली भिवंडी आणि समित्या नसलेली भिवंडी अशा दोन शेजारी ठेवून पाहता आल्या नाहीत. आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ च्या आपल्या अभ्यासात कालिकत आणि अलिगढ, हैदराबाद आणि लखनौ, सुरत आणि अहमदाबाद अशा शहरांच्या जोड्या लावल्या. जेथे हिंदू-मुसलमान एकाच संघटनेत, एकाच व्यापारी मंडळात, एकाच युनियनमध्ये रोज भेटतात, तेथे दंगल पसरत नाही, असे त्यांना दिसले. भिवंडीचा उल्लेख त्यांनीही केला आहे. पोलिसांनी पुढाकार घेऊन असा दुवा तयार करता येतो, याचे ते उदाहरण आहे.

मग ५ जुलै २००६. कब्रस्तानाजवळच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून त्याच भिवंडीत जमाव रस्त्यावर आला. पोलिसांच्या गोळीबारात दोघे मेले आणि जमावाने दोन पोलिसांना ठार केले. ही गोष्ट आपण लपवू नये. भिवंडीचा चमत्कार सांगताना आपले वक्ते १९९२ वर थांबतात. पण पुरावा मागायचा तर तो आपल्याला अडचणीचा असतानाही मागायला हवा. समिती ही एकदा टोचून जन्मभर पुरणाऱ्या लशीसारखी गोष्ट नाही. ती ज्या अधिकाऱ्याच्या मनात असते त्याची बदली होते आणि वही कपाटात जाते. शिवाय २००६ चा झगडा हिंदू-मुसलमानांचा नव्हता, मुसलमान आणि पोलिसांचा होता. समित्यांनी दोन समाजांत पूल बांधला होता. पोलीस आणि आपण यांच्यातल्या पुलाचे काय, हा वेगळा प्रश्न होता आणि तो कुणी मोजला नव्हता.

मोजण्याची गोष्ट निघालीच आहे तर थोडे परदेशात आणि थोडे राजस्थानात जाऊ. १९७२-७३ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या पोलिसांनी आपल्या पंधरा बीट तीन गटांत वाटल्या. एका गटात नेहमीची गस्त बंद, फोन आला तरच जायचे, दुसऱ्यात नेहमीएवढी, तिसऱ्यात दुप्पट-तिप्पट. वर्षाअखेर गुन्ह्यांत फरक दिसला नाही, लोकांच्या भीतीत फरक दिसला नाही, आणि गस्त वाढली की बंद झाली हे बहुतेकांच्या लक्षातही आले नव्हते. जगभर पोलीस ज्यावर सर्वांत जास्त पेट्रोल जाळतात त्या उपायाची ही परीक्षा.

राजस्थानात २००० नंतरच्या दशकात अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, पोलीस सेवेतील अधिकारी नीना सिंह यांना सोबत घेऊन, अकरा जिल्ह्यांतील १६२ ठाण्यांत प्रयोग केला. कुठल्या ठाण्यात कोणता उपाय, हे चिठ्ठी टाकावी तसे ठरवले. बदल्या थांबवणे, प्रशिक्षण देणे, आठवड्याची सुट्टी, कामाची पाळी ठरवून देणे, आणि गावातल्या एका माणसाला ठाण्यात निरीक्षक म्हणून बसवणे. बदल्या थांबवण्याचा आणि प्रशिक्षणाचा उपयोग झाला. प्रशिक्षण मिळालेल्यांच्या तपासाबद्दल तक्रारदार अधिक समाधानी होते. गावच्या निरीक्षकाचा आणि सुट्टीचा मात्र झाला नाही. कारण ठाणेदारांना आपल्या अधिकारात कुणी डोकावते आहे असे वाटले आणि त्यांनी हे उपाय नीट राबवलेच नाहीत. आणखी एक युक्ती होती. खोटे तक्रारदार ठाण्यात पाठवायचे आणि तक्रार लिहून घेतात का ते पाहायचे. आलेला माणूस परीक्षकही असू शकतो, हे कळल्यावर तक्रारी नोंदवण्याचे प्रमाण सुधारत गेले. हे वाचून हसू येते, पण मन उदासही होते. गरीब माणूस म्हणून जे मिळाले नाही, ते परीक्षक असेल या भीतीपोटी मिळाले.

पुराव्याने घाई करू नये, याचाही एक धडा आहे आणि तो स्त्रियांच्या जिवावर शिकला गेला. १९८१-८२ मध्ये मिनिआपोलिस येथे, वर उल्लेख केलेल्या शर्मन यांनीच, बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांवर तीन उपाय करून पाहिले. अटक, समज देणे, काही वेळ घराबाहेर काढणे. अटकेने पुन्हा मारहाण कमी झाली असे दिसले. वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला, अमेरिकेतील अनेक राज्यांनी अटक सक्तीची केली. मग इतर शहरांत हाच प्रयोग झाला तेव्हा निकाल उलटसुलट आले. मिलवॉकीत बेकार पुरुषांना अटक केल्यावर मारहाण वाढली. वीसेक वर्षांनी त्याच स्त्रियांचा माग काढला तेव्हा दिसले की ज्यांच्या जोडीदाराला अटक झाली होती, त्या स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण अधिक होते, आणि काळ्या स्त्रियांत तर फारच. एका शहरात जे चालले ते सर्वत्र, सर्वांवर चालेल असे धरले, त्याचा भुर्दंड सर्वांत दुबळ्यांनी भरला.

आपल्या बहिणींचा प्रश्न येथे टाळून चालणार नाही. मार खाऊन ठाण्यात गेलेल्या मुसलमान बाईला हवालदार म्हणतो, हा तुमच्या जमातीचा मामला आहे. जमातीत गेली की तेथे म्हणतात, घरची अब्रू ठाण्यात कशाला नेलीस? दोन्ही दारे सारख्याच शहाणपणाने बंद होतात. मध्य प्रदेशात १८० ठाण्यांवर एक अभ्यास झाला, तो २०२२ साली प्रसिद्ध झाला. काही ठाण्यांत स्त्रियांसाठी वेगळा मदत कक्ष, काहींत तो कक्ष स्त्री अधिकाऱ्याकडे, काही ठाणी होती तशीच. कक्ष असलेल्या ठाण्यांत स्त्रियांच्या तक्रारी जास्त नोंदल्या गेल्या. गुन्हे दाखल होण्याचे प्रमाण मुख्यतः स्त्री अधिकारी होत्या तेथे वाढले. आता एक गंमत पाहा. या ठाण्यांच्या कागदावर 'गुन्हे' वाढलेले दिसणार. जो वरिष्ठ केवळ आकडा पाहील तो म्हणेल, कारभार बिघडला. आकडा खाली ठेवायचा म्हणून तक्रार न घेणारे ठाणे शाबासकी मिळवणार. आपण काय मोजतो, यातच आपली नीती उघडी पडते.

आता तपासाकडे वळू, कारण आमची सर्वांत खोल जखम तेथे आहे. ८ सप्टेंबर २००६ रोजी मालेगावात बडा कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. मेले ते बहुतेक मुसलमान, पकडले गेले तेही मुसलमान. नऊ जण. एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. तोपर्यंत एक जण मरण पावला होता. ११ जुलै २००६ च्या मुंबईतील लोकल गाड्यांच्या स्फोटांत २०१५ साली बारा जण दोषी ठरले, पाच जणांना फाशी सुनावली गेली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. तीनच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने, हा निकाल इतर खटल्यांत आधार म्हणून वापरू नये अशी स्थगिती दिली; सुटलेल्यांना परत तुरुंगात जावे लागले नाही. दोन्ही खटले मोक्का कायद्याखालचे. या कायद्यात वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो. एरवीच्या कायद्याने जे पोलिसांना कधी दिले नव्हते ते १९९९ मध्ये महाराष्ट्राने दिले.

इंग्लंडमध्ये १९७४ च्या बॉम्बस्फोटांनंतर आयरिश लोकांवर हीच वेळ आली होती. गिल्डफर्डचे चौघे, बर्मिंगहॅमचे सहा जण. कबुलीजबाबांवर जन्मठेपा झाल्या. चौघे १९८९ मध्ये सुटले, सहा जण १९९१ मध्ये. मग तेथे जे झाले ते लक्षात घेण्यासारखे आहे. माणूस न केलेला गुन्हा कबूल का करतो, याचा अभ्यास गिस्ली गुड्यॉनसन यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांनी केला. १९८४ च्या कायद्याने चौकशीचे ध्वनिमुद्रण सुरू झालेच होते. त्या मुद्रणांचा अभ्यास जॉन बाल्डविन या संशोधकाने केला तेव्हा दिसले की बहुतेक अधिकाऱ्यांना नीट प्रश्न विचारता येत नाहीत. कबुली काढणे हा हेतूच सोडून, माहिती मिळवणे हा हेतू ठेवून, १९९० नंतर तेथील पोलिसांना नव्याने शिकवले गेले. याने इंग्लंडचे पोलीस देवदूत झाले नाहीत. पण चूक कशी झाली, हा प्रश्न तरी त्यांनी विचारला.

विमान कोसळले की त्याचा काळा डबा शोधतात. आमच्याकडे नऊ-नऊ, एकोणीस-एकोणीस वर्षांनी माणसे सुटतात आणि कुणी म्हणत नाही की बसा, हा तपास कुठल्या वळणावर चुकला ते पाहू. सुटलेल्यांचे तारुण्य गेले, हे तर आहेच. पण लोकल गाड्यांत ज्यांची माणसे गेली त्यांच्याही हाती काय आले? खोट्या आरोपीमागे खरा आरोपी लपतो. म्हणून तपास सुधारावा ही मागणी 'मुसलमानांची मागणी' म्हणून मांडणे आम्हाला पटत नाही. दादर-बोरिवलीच्या विधवेचाही तिच्यावर तितकाच हक्क आहे.

कुणी म्हणेल, संशोधनाचा एवढा पुळका कशाला? संशोधन झाले नाही असे कुठे आहे? हा आक्षेप वजनदार आहे. विभूती नारायण राय, ज्यांची 'शहर में कर्फ्यू' ही कादंबरी आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल, ते स्वतः पोलीस अधिकारी. १९८७ मध्ये हाशिमपुरा हत्याकांड झाले तेव्हा ते गाझियाबादचे पोलीस प्रमुख होते. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय पोलीस अकादमीच्या पाठ्यवृत्तीवर त्यांनी दंगलीतील पोलिसांच्या निष्पक्षतेचा अभ्यास केला. मरणाऱ्यांतही आणि अटक होणाऱ्यांतही मुसलमानच जास्त, हे त्यांनी नोंदवले. न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांचा आयोग तर १९९६ मध्ये गुंडाळलाच गेला होता, चार महिन्यांनी पुन्हा जिवंत झाला आणि १९९८ मध्ये त्याने अहवाल दिला. ३१ पोलिसांवर ठपका होता. टाटा समाजविज्ञान संस्थेने महाराष्ट्रातील १५ तुरुंगांतील ३३९ मुसलमान कैद्यांशी बोलून अभ्यास केला. बहुतेकांचा गुन्हेगारी टोळ्यांशी संबंध नव्हता, गरिबी आणि वकील न मिळणे ही मोठी कारणे होती. २०१९ मध्ये 'कॉमन कॉज' आणि 'सी.एस.डी.एस.' यांनी २१ राज्यांतील सुमारे १२,००० पोलिसांना प्रश्न विचारले. मुसलमान स्वभावतःच गुन्ह्याकडे झुकलेले असतात, असे कमी-अधिक प्रमाणात मानणारे निम्मे निघाले. कागदाला तोटा नाही. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात निश्चित कार्यकाळ, तपासाची वेगळी शाखा, तक्रार प्राधिकरण असे सात आदेश दिले. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा बदलला तो त्या आदेशांना पुष्कळ वळसे घालून.

तरीही आम्हाला वाटते की यातून 'पुरावा निरुपयोगी' असा निष्कर्ष काढणे चूक होईल. कारण पुरावा आपण मागितला नाही म्हणून तो मागायचा थांबत नाही. दुसरे कुणी तो आपल्याविरुद्ध तयार करते. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने पोलिसांच्या मदतीसाठी 'मार्वल' नावाची कृत्रिम बुद्धिमत्तेची कंपनी स्थापन केली आहे. यंत्राला खाद्य लागते, आणि ते खाद्य म्हणजे ठाण्यांतल्या जुन्या नोंदी. ज्या मोहल्ल्यात नाकाबंदी जास्त, तेथे पकडलेले जास्त. पकडलेले जास्त म्हणून नोंदी जास्त. नोंदी जास्त म्हणून यंत्र म्हणणार, नाकाबंदी येथेच लावा. निम्म्या शिपायांच्या मनात जे आहे ते यंत्रातून बाहेर येईल तेव्हा त्याला पूर्वग्रह कुणी म्हणणार नाही, शास्त्र म्हणतील. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी गुन्ह्याचे भाकीत करणारी अशी एक प्रणाली वर्षानुवर्षे वापरली आणि २०२० मध्ये बंद केली. आपल्याकडे ती चालू होताना निदान हे विचारणारे लोक हवेत की या यंत्राची परीक्षा कोण घेणार, निकाल कुठे छापणार आणि त्यात चूक निघाली तर कुणाला दाद मागायची.

असे विचारणारे लोक आकाशातून पडत नाहीत. आमच्याकडे शिकलेली मुलेमुली आता पुष्कळ आहेत; संख्याशास्त्र शिकलेली आहेत, समाजकार्य, कायदा शिकलेली आहेत. मोर्चाला हजार माणसे निघतात. पण वर्षभरात आपल्या ठाण्यात किती तक्रारी घेऊन लोक गेले, किती नोंदल्या गेल्या, किती जणांना कागद न देता परत पाठवले, याची साधी वही ठेवणारी जमात किंवा अंजुमन सहसा पाहायला मिळत नाही. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावण्याचा आदेश दिला आहे. आपल्या ठाण्यात ते कुठे बसवले आहेत, चालू आहेत का, चित्रण किती दिवस जपतात, हे विचारायला दहा रुपयांचा अर्ज पुरतो. मोहल्ला समितीची बैठक शेवटची केव्हा झाली आणि तिला कोण कोण होते, हेही तशाच अर्जाने विचारता येईल.